शाकाहारी हवंय, पथ्याचं नको: मारामारी नसलेला गेम कसा निवडायचा

जुळे सोलापुरातल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. वय ४१, बँकेत नोकरी, घरी साधा लॅपटॉप, मुलगी ११ वर्षांची. लहानपणी टीव्हीला जोडायच्या डबड्यावर मारिओ खेळलेले. आता रात्री जेवणं आटोपल्यावर तासभर मुलीबरोबर काहीतरी खेळावं असं त्यांना वाटतं, पण जे उघडावं त्यात बंदूक नाहीतर तलवार. मारामारी नसलेलं शोधायला जावं तर रंग भरा, फळं ओळखा, असलं बालवाडीचं सामान पुढे येतं. मुलगी दहा मिनिटांत जांभया देते, बाप पाच मिनिटांत. शेवटी ते लिहितात, "मला शाकाहारी जेवण हवंय, पथ्याचं नको."

अडचण नेमकी इथेच आहे. "मारामारी नको" म्हणजे काय नको ते कळलं. काय हवं ते त्यात कुठेच नाही. नवी पेठेतल्या कापडाच्या दुकानात जाऊन "निळं सोडून काहीही दाखवा" म्हटलं तर दुकानदार गठ्ठेच्या गठ्ठे उलगडत बसेल आणि तुम्ही रिकाम्या हाताने परत याल. गेमच्या बाबतीत तुमचं तेच झालंय.

आधी माझं सांगते, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. अशोक चौकाजवळ मी २००४ पासून संगणक वर्ग चालवते. एमएस-सीआयटी, टायपिंग, टॅली, उन्हाळ्यात मुलांच्या बॅचेस. गेम हा माझा धंदा नाही, पण गेमशिवाय माझा धंदा चालला नसता. जिने जन्मात माउस धरलेला नाही अशा बाईला मी पहिल्या दिवशी सॉलिटेअर लावून देते. १९९० साली विंडोज ३.० बरोबर तो पत्त्यांचा डाव दिला गेला, त्यामागे लोकांना माउसने वस्तू उचलून ओढून ठेवायची सवय लागावी हाही हेतू होता. पत्ता धरला, ओढला, सोडला. दोन दिवसांत हात बसतो. तिथून मला कोणाला कोणता गेम लावून द्यायचा याचा नादच लागला. विड्या वळणाऱ्या बायका, यंत्रमागाचे मालक, निवृत्त मास्तर, दहावीची पोरं, सगळ्यांना लावून दिलेत. निम्मे अंदाज चुकले. पण चुकले का, ते हळूहळू कळत गेलं.

गड्ड्याच्या जत्रेला तुम्ही जात असालच. होम मैदानावर बंदुकीने फुगे फोडायच्या स्टॉलसमोर दोन मिनिटं नुसतं उभं राहून बघा. तिथल्या पोराचं फुग्याशी वैर नसतं. त्याला एक डोळा मिटून नेम धरायचा असतो, टप्प आवाज ऐकायचा असतो आणि लागला की नाही हे तिथल्या तिथे कळायला हवं असतं. शेजारच्या स्टॉलवर रिंग टाकून साबणाची वडी जिंकायची असते, तिथेही हेच चालतं आणि तिथे बंदूक नाही. बंदुकीच्या गेममध्ये दोन-चार वेगवेगळ्या मजा एकत्र बांधलेल्या असतात: नेम, वेग, काहीतरी हातचं जाईल ही धाकधूक, आणि डाव आखणं. गाठोडं सोडलं की यातली प्रत्येक मजा बंदुकीशिवाय वेगळी मिळते. मात्र तुम्हाला आणि मुलीला यातली कोणती हवी, ते तुम्हालाच शोधावं लागेल.

म्हणून मी कोणालाही "कोणता गेम आवडतो" असं विचारत नाही. "घरात कोणतं काम कंटाळा न करता करता?" असं विचारते. एकाला कपाट लावायला आवडतं. एकीला हिशोब जुळवायला. एखादा प्रवासाला निघण्याआधी आठ दिवस वेळापत्रक घेऊन बसतो. काहींना नुसतं गावात फिरून कोण काय करतंय बघायचं असतं. या उत्तरावरून गेम निघतो.

माझ्याकडे एक काका यायचे. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या सोडण्यात हयात गेलेली. मुलाने लॅपटॉप घेऊन दिला म्हणून ईमेल शिकायला आले. ईमेलमध्ये त्यांचा जीव रमेना. मी त्यांना मिनी मेट्रो लावून दिला. न्यूझीलंडच्या एका छोट्या चमूने केलेला २०१५ चा गेम. पांढरा पडदा, त्यातून जाणारी एक नदी आणि सुरुवातीला तीन स्टेशनं: एक गोल, एक त्रिकोण, एक चौकोन. स्टेशनाशेजारी तसलेच बारीक आकार येऊन उभे राहतात. ते प्रवासी. ज्याचा जो आकार, त्या आकाराच्या स्टेशनाला त्याला जायचं असतं. आपण माउसने रेघ ओढायची, त्या रेघेवर गाडी धावते. गेममधला आठवडा संपला की नवं इंजिन मिळतं आणि वर एखादा डबा, बोगदा किंवा नवा मार्ग असं काहीतरी निवडून घ्यायचं. इकडे नवी स्टेशनं उगवतच राहतात. एखाद्या स्टेशनावरची गर्दी हाताबाहेर गेली की त्याभोवती एक वर्तुळ भरू लागतं. पूर्ण भरलं की खेळ संपला.

काकांनी पहिल्या दिवशी सगळी स्टेशनं एकाच लांबलचक रेघेत ओवली आणि थोड्याच वेळात बुडाले. खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "मॅडम, एकच गाडी सगळ्या गावांना फिरवली की असंच होतं. शेवटच्या थांब्यावरचा माणूस सकाळी उभा राहतो आणि दुपारी चढतो." दुसऱ्या डावात त्यांनी मधोमध छोटा गोल मार्ग केला आणि बाहेरच्या रेघा त्याला आणून मिळवल्या. एका कोपऱ्यात वर्तुळ भरायला लागलं तेव्हा त्यांनी रिकाम्या मार्गावरचं इंजिन माउसने उचललं, त्या कोपऱ्यात आणून सोडलं आणि मोठ्याने म्हणाले, "जादा गाडी लागली!" अख्खी बॅच वळून बघायला लागली. पडद्यावर ना शत्रू, ना हत्यार, पण त्यांच्या कपाळावर घाम. त्या गेममध्ये मुंबईचाही नकाशा आहे. तो उघडून दिला तर पुढचा महिनाभर ईमेल राहिलाच.

तुम्ही बँकेत आहात. काउंटरपुढची रांग कशी तुंबते आणि कशी हलते, हे रोज बघता. हा गेम तुम्हाला लागेल असा माझा अंदाज आहे. किंवा अगदी उलट होईल: दिवसभर तेच करून घरी आल्यावर पुन्हा तेच नको वाटेल. ही दोन्ही प्रकारची माणसं मी बघितली आहेत आणि कोण कुठल्या बाजूला जाईल ते आधी सांगता येत नाही.

दुसरं उदाहरण आमच्याच भागातलं. चादरीच्या डिझाईनचा ग्राफ काढणाऱ्या एका कारागिराची मुलगी माझ्याकडे टॅली शिकायला होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: जेकार्डच्या मागावर चादर विणायची तर तिच्यावरचा मोर किंवा फूल आधी चौकोनांच्या कागदावर एकेक घर भरून काढतात आणि त्यावरून मागाला लावायच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात. ही मुलगी लहानपणापासून वडिलांशेजारी बसून ते चौकोन बघत आलेली. तिला मी नोनोग्राम नावाचं कोडं दिलं. ही कोडी जपानात १९८७ च्या सुमारास निघाली. चौकोनांची जाळी असते आणि प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीपुढे आकडे. पाच घरांच्या ओळीपुढे "३ १" लिहिलं असेल तर सलग तीन घरं भरलेली, मग किमान एक मोकळं, मग एक भरलेलं. म्हणजे अख्खी ओळ सुटली. "४" लिहिलं असेल तर ती चार घरं डावीकडून सुरू होतात की एक घर सोडून, ते कळत नाही, पण मधली तीन घरं दोन्ही प्रकारे भरलेलीच येतात. तेवढी भरायची आणि पुढच्या ओळीकडे जायचं. असं करत शेवटी चित्र उमटतं. मी समजावून सांगत होते तोवर तिने पहिलं कोडं संपवलं होतं. "मॅडम, हा तर ग्राफच आहे, उलटा वाचायचा," म्हणाली.

ही कोडी फुकट हवी असतील तर सायमन टॅथम यांचा कोड्यांचा संच फोनवर घ्या. चाळिसेक प्रकार आहेत, जाहिरात एकही नाही, इंटरनेट लागत नाही. नोनोग्राम त्यात 'पॅटर्न' या नावाने आहे. दिसायला अगदी साधं, सरकारी फॉर्मसारखं. त्यावरून सोडून देऊ नका.

आता तुमच्या मुलीकडे वळते. इथे एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही पण मी गृहीत धरते: लॅपटॉप एक आहे, माउस एक आहे आणि माणसं दोन आहेत. दोघांनी दोन कंट्रोलर घेऊन खेळायचे गेम वेगळे. तुम्हाला असा गेम हवा ज्यात एकाने माउस धरायचा आणि दुसऱ्याने बोट दाखवत "तिकडे नाही, इकडे" म्हणायचं. हा प्रकार फार कमी लोक लक्षात घेतात. माझ्या वर्गात दोघांत एक कॉम्प्युटर असतो, म्हणून मला तो रोजचाच.

यासाठी माझी पहिली पसंती अनपॅकिंग. ऑस्ट्रेलियातल्या एका लहान कंपनीचा २०२१ चा गेम. एक मुलगी आयुष्यात आठ वेळा घर बदलते, १९९७ पासून २०१८ पर्यंत. आपण फक्त खोकी उघडायची आणि सामान लावायचं. बाहुल्या कुठे, पुस्तकं कुठे, कढई कुठल्या कपाटात. ती मुलगी पडद्यावर दिसत नाही, बोलत नाही. पण काय सामान वाढलं, काय मागे राहिलं, यावरून तिचं सगळं कळत जातं. एका घरात ती कोणाबरोबर तरी राहायला जाते. सगळं लावून होतं आणि तिच्या पदवीची फ्रेम हातात उरते. भिंतीवर जागा नाही, कपाटात नाही. शेवटी ती पलंगाखाली सरकवावी लागते. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझी प्रमाणपत्रांची फाईल जिन्याखालच्या पेटीत गेली होती, चार वर्षं तिथेच होती. तेव्हा त्या पलंगाशी मी जरा जास्तच वेळ थांबले. तुमच्या मुलीला त्यातलं काय कळेल ते सांगता येत नाही. तिला बहुतेक बाथरूममधले टूथब्रश लावण्यातच मजा येईल आणि तेही चालेल. वाचायला फारसं इंग्रजी नाही, हाताला घाई नाही, जुन्या लॅपटॉपवर चालतो.

फिरणं आवडत असेल तर अ शॉर्ट हाइक, २०१९ चा. एका पक्ष्याचं पिल्लू, डोंगराच्या पायथ्याशी आलेलं, फोनला रेंज नाही, रेंज हवी तर शिखरावर जायचं. बस, गोष्ट इतकीच. वाटेत सोनेरी पिसं मिळत जातात, जितकी पिसं जास्त तितकं जास्त चढता येतं. नीट खेळलात तर दोन-तीन संध्याकाळी पुरतो. पात्रं इंग्रजीत गप्पा मारतात, पण सोप्या. मुलीला मोठ्याने वाचायला लावा, शाळेपेक्षा जास्त वाचेल.

नेम आणि वेग हवा असेल तर फोनवर अल्टोज अॅडव्हेंचर आहे: बर्फावरून घसरत जायचं, उड्या मारायच्या, पडलात तर परत. नुसतं घसरायचं असेल तर त्यात झेन मोड आहे, तिथे गुण नाहीत आणि हरणंही नाही. डेझर्ट गोल्फिंग तर त्याहून साधा. वाळवंट, एक चेंडू, एक भोक, मग पुढचं भोक, संपतच नाही. चुकलेला फटका पुसता येत नाही. हे मला फार आवडतं, माझ्या विद्यार्थ्यांना अजिबात नाही.

आता एक इडलीचा गेम. वेन्बा हा २०२३ चा गेम, कॅनडात जाऊन राहिलेल्या तमिळ कुटुंबावर. आईच्या फाटक्या पाककृतीच्या वहीतली पुसलेली अक्षरं ओळखून स्वयंपाक करायचा. पहिलंच कोडं इडलीपात्राचं आहे, ताटल्या कशा रचल्या म्हणजे वाफ सगळीकडे पोचेल याचं. आमच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांतल्या बायकांपुढे ठेवलं तर कोडं आहे हेच त्यांना कळणार नाही. पण स्वयंपाक ही नुसती सुरुवात. पुढे तो परक्या देशात वाढणाऱ्या मुलाबद्दल आणि हातून निसटत चाललेल्या भाषेबद्दल बोलतो. छोटा आहे, एका बैठकीत संपतो.

शेतीचे गेम मी मुद्दाम मागे ठेवले, कारण कोणालाही विचारा, पहिलं नाव स्टारड्यू व्हॅलीचं येतं आणि तिथेच फसगत होऊ शकते. गेम उत्तमच आहे. एका माणसाने चार-साडेचार वर्षं खपून एकट्याने केला, २०१६ ला आला. पेरा, पाणी घाला, काढा, विका, गावातल्या लोकांशी मैत्री करा. पण त्यात खाण आहे, खाणीत प्राणी अंगावर येतात आणि हातात तलवार येते. चित्रं गोंडस आहेत, रक्त वगैरे नाही, आणि खाण टाळूनही शेती-मासेमारीत बराच काळ जातो. तरी "एकही मारामारी नको" असा तुमचा नियम असेल तर हे आधी माहीत हवं. दुसरं म्हणजे त्यातला एक दिवस साधारण १४ मिनिटांत संपतो. "एवढा एक दिवस झाला की झोपते" हे वाक्य तुमच्या घरात रात्री साडेअकराला ऐकू येईल.

म्हणून तुमची रेघ कुठे आहे ते आधी दोघं मिळून ठरवा. तुम्ही नुसतं "मारामारी नको" लिहिलंय, पण त्यात पायऱ्या आहेत. मारिओ कासवाच्या डोक्यावर उडी मारतो ती तुम्हाला लहानपणी चालली होती, आता चालते का? बुद्धिबळात घोडा-उंट मारतात, त्याबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही. गोष्टीत हिंसा आहे पण तुमच्या हातून होत नाही, हे चालेल का? रिटर्न ऑफ द ओब्रा डिन, २०१८ चा, त्यात ईस्ट इंडिया कंपनीचं ओसाड जहाज परत येतं आणि त्यावरच्या ६० जणांचं काय झालं ते आपण विमा कंपनीच्या माणसासारखं एकेक पुरावा बघून वहीत लिहायचं. आपण कोणावर हात उगारत नाही, पण प्रेतं मात्र पावलोपावली. मुलीसमोर नको, ती झोपल्यावर तुम्ही एकट्याने बघा. बँकेतल्या माणसाला फार जमेल. माइनक्राफ्ट तिने शाळेत ऐकला असेलच. त्यात 'पीसफुल' निवडलं की अंगावर येणारे राक्षस उगवतच नाहीत आणि नुसतं बांधकाम करता येतं. आणि आपल्याकडचा म्हणून पुण्यात तयार झालेला राजी उघडायला जाल, २०२० चा, राजस्थानी महाल आणि कठपुतळ्या फार देखण्या आहेत, पण तो सरळ सरळ लढाईचा गेम आहे.

हिंसा नाही म्हणजे डोक्याला शांतता, असंही धरून चालू नका. मी आणि आमचे हे एकदा दोघांनी मिळून स्वयंपाकघर चालवायचा गेम खेळायला बसलो. एकाने चिरायचं, एकाने शिजवायचं, ऑर्डरी येत राहतात, घड्याळ पळत राहतं. पाऊण तासात आमचं असं वाजलं की शेवटी खऱ्या स्वयंपाकघरात कोणी जायचं यावरून रात्री खिचडीवर भागवलं. मुलीबरोबर सुरुवातीला घड्याळाचे गेम टाळा. तिला सराव झाला की मग काढा, तेव्हा ती तुम्हाला हरवेल आणि तेच तर तिला हवं असतं.

आता ज्या बाबतीत मी स्वतः पोळले ते. फोनवरचा फुकट गेम निवडताना प्ले स्टोअरवर '३+' दिसलं की आपण निश्चिंत होतो. तो आकडा गेममध्ये काय दिसतं त्याबद्दल असतो, तो तुमचा खिसा किंवा वेळ राखत नाही. माझ्या सात वर्षांच्या भाच्याला मी एक गोजिरवाणा शेतीचा गेम दिला होता. कोंबड्या, गाजरं, सगळं छान. दर दोन मिनिटांनी जाहिरात, आणि जाहिरातीत काय, तर बंदुका आणि रमी. आठवड्याने माझ्या खात्यातून गेममधल्या हिऱ्यांच्या पेटीचे आठशे रुपये गेलेले दिसले. त्याला विचारलं तर म्हणाला, "मावशी, गाजर लवकर उगवत नव्हतं ना." चूक माझीच, फोनला खरेदीचा पासवर्ड लावला नव्हता. रमीसारख्या पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आणि त्यांच्या जाहिरातींवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, ते बरंच झालं. पण हिरे आणि पेट्या त्या कायद्यात येत नाहीत, त्यांच्यासाठी तुमचंच लक्ष हवं. गेमच्या नावाखाली 'जाहिराती आहेत' आणि 'अॅपमधील खरेदी' असं लिहिलंय का ते आधी बघा. दोन्ही असतील तर मुलांसाठी माझं उत्तर नाही असतं. एकदाच पैसे देऊन विकत घेतलेला गेम शेवटी स्वस्त पडतो. कँडी क्रशसारख्या गेममध्ये पाच 'जीव' असतात, गेलेला एकेक भरून यायला अर्धा तास लागतो. कोणाचाही जीव न घेणारा गेम आपल्याला अशा जिवांची वाट बघायला लावतो, हे मला नेहमीच विनोदी वाटत आलंय.

आणखी एक कसोटी, खास सोलापूरची. गेम मधेच थांबवता येतो का? आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं आणि येतं तेव्हा वेळ बघून येत नाही. "पाणी आलं!" म्हणून हाक आली की हातातलं सगळं टाकून मोटर लावायला पळावं लागतं. अनोळखी लोकांबरोबर ऑनलाइन खेळताना हे जमत नाही, समोरचे चिडतात. वर सांगितलेल्यांपैकी बहुतेक गेम एक बटण दाबून तिथल्या तिथे थांबतात, टाकी भरून आलात की तिथूनच पुढे. माझ्या वर्गातल्या बायकांना गेम टिकला की सुटला, हे याच एका गोष्टीवर ठरतं. गेम किती सुंदर आहे यावर नाही.

तुमच्या लॅपटॉपबद्दल. ऑफिसचा साधा लॅपटॉप असेल, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर मिनी मेट्रो, अनपॅकिंग, अ शॉर्ट हाइक सहसा त्रास देत नाहीत. शहर वसवायचा सिटीज स्कायलाइन्स किंवा विमान चालवायचा फ्लाइट सिम्युलेटर बघून मोह होईल, पण त्यावर लावलात तर मे महिन्यातल्या दुपारी पंखा घरघरत राहील आणि कीबोर्डवर कडक भाकरी शेकता येईल. पैसे वाचवायचे तर स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात मोठे सेल लागतात, तेव्हा घ्या. वर्षातून तीनदा तिथे नव्या गेमच्या फुकट चवीचा मेळा भरतो, नेक्स्ट फेस्ट नावाचा. आपली आवड शोधायला त्याच्यासारखी जागा नाही. आणि एक पैसाही घालायचा नसेल तर ओपनटीटीडी उतरवून घ्या, रेल्वे-बस-जहाजांची कंपनी चालवायचा जुना गेम, लोकांनी मिळून फुकट ठेवलेला. शिकायला किचकट आहे. एसटीचे काका हल्ली तिथेच असतात.

स्वतः शोधताना 'नॉन-व्हायलंट' टाकू नका, त्याने लहान मुलांचंच सापडतं. 'कोझी' (म्हणजे निवांत), 'पझल', 'मॅनेजमेंट', 'एक्सप्लोरेशन' असं काय हवं त्याचं नाव टाका. सापडलेल्या गेमचा दहा मिनिटांचा व्हिडिओ बघा, पण 'नो कॉमेंट्री' लिहिलेला. समालोचन करणारा माणूस कुठल्याही दगडाला रंगतदार करून दाखवतो. मग वाईट अभिप्राय आधी वाचा. "यात काही घडतच नाही, नुसतं सामान लावायचं" असं कोणी चिडून लिहिलं असेल, तर तो तुमच्यासाठी चांगला शेरा आहे.

तुमच्या जागी मी असते तर या शनिवारी अनपॅकिंग घेतला असता. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. पहिला तास माउस मुलीकडे द्या, तुम्ही फक्त बोट दाखवा, तेही तिने विचारलं तरच. तासाभराने तिने स्वतःहून पुढचं घर उघडलं तर गेम ठेवा. सामान लावताना ती कंटाळली आणि "पप्पा, हे कुठे जातं ते तुम्हीच सांगा" म्हणू लागली, तर परत करा आणि त्याच पैशात मिनी मेट्रो घ्या. तोही लागला नाही तर ती घरात कोणतं काम न सांगता करते ते मला लिहा. आणि लॅपटॉपची रॅम किती आहे तेही कळवा, त्यावरून पुढचं सांगते.